ढिल्या टाक्यांचा बेडूक

मंगळवारी दुपारी आसेगावच्या गाडीच्या कंडक्टरने शाळेत येऊन माझ्या हातात चिठ्ठी दिली. देवमन इंगोले सकाळी वारले, असे तिच्यात लिहिले होते. मी तास सोडला आणि त्याच गाडीने आसेगावला गेलो.

त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. असे लेख कसे लिहितात ते मी पुष्कळ वाचले आहे. माणूस किती मोठा होता, त्याच्या जाण्याने केवढी पोकळी झाली... पण देवमनभाऊंचे नाव कागदावर उतरले की मला रडू येतच नाही. छाती धडधडायला लागते. करंजाच्या सावलीत, गुडघाभर गाळात उभे राहून पाण्यावर उठणाऱ्या एका बुडबुड्याकडे पाहताना धडधडायची, अगदी तशी. शेवटी ठरवले की जे येते तेच लिहावे. गावाला ते शिंपी म्हणून ठाऊक होते. मला ते गळ टाकणारे म्हणून ठाऊक आहेत, आणि तितकी शहाणी बोटे मी पुन्हा कोणाची पाहिली नाहीत.

दुष्काळाच्या आधीच्या वर्षी मी आसेगावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, एकटा आणि कमी बोलणारा होतो. शाळेतल्या पुस्तकांच्या दोन कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या तेव्हा मला वाटले, चला, संध्याकाळचा प्रश्न मिटला. पहिल्याच महिन्यात पँट शिवायला देवमनभाऊंकडे गेलो. दुकान म्हणजे घराच्या ओसरीवर मांडलेले मशीन. माप घेता घेता खडूसाठी त्यांनी मशीनचा खण ओढला. खणात खडू नव्हता. कोंबड्याच्या मानेची लाल पिसे होती, कुठल्याशा जुन्या कोटाची पितळी बटणे होती, मेणाचा गोळा होता, आणि खाकी कापडाच्या पट्टीवर ओळीने टोचून ठेवलेले गळ होते; सगळ्यांत लहान तांदळाच्या दाण्याएवढा, सगळ्यांत मोठा करंगळीएवढा. मी विचारले, "हे कोणत्या कपड्याला लागतं?"

"माशाच्या," ते म्हणाले. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "सर, तुमी मासे खाता, का नुसते पुस्तकंच खाता?"

आतून त्यांच्या पत्नी कौसल्याबाई हसल्या. त्यांना मी त्या दिवसापासून वैनी म्हणू लागलो. पँट आठ दिवसांत मिळायची होती, ती महिन्याने मिळाली. पण तोपर्यंत चार रविवार मी देवमनभाऊंबरोबर नदीवर काढले होते आणि पँटची आठवण मलाही राहिली नव्हती.

त्या चार रविवारांत मी जे शिकलो ते माझ्या दोन्ही कपाटांत नव्हते. प्रत्येक माशाची भूक वेगळी, हे त्यांचे पहिले सांगणे. वाम तळाशी दगडांच्या फटीत राहते, तिला गांडूळ हवे, आणि तेही काळ्या मातीतले नको, उकिरड्याच्या कडेचे लाल हवे. त्याला वास असतो. रोहूला कणीक चालते, पण देवमनभाऊ कणकेत सरकीची ढेप कुटून घालीत आणि वर थोडे भाजलेले तीळ. "आपल्या इकडचा मासा हाय सर, त्याले सरकीचा वास ओळखीचा," असे म्हणत आणि गोळी वळताना स्वतःही एखादी तोंडात टाकीत. तरंगायला मोराच्या पिसाची दांडी कोणी वापरी, ते ज्वारीच्या वाळक्या धांड्याचा बोटभर तुकडा वापरीत. धांडा नुसता हलला तर लहान मासा ढोसतो आहे. आडवा झाला तर मोठ्याने खालून उचलले आहे. सरळ बुडाला तर विचार करायचा नाही. वाहत्या पाण्यात ते पितळी बटण दोरीला बांधून ओढीत. बटणाच्या मागे पिसाची लाल शेपटी असे. बटण गरगर फिरले की पाण्यात उन्हाचा कवडसा पळतो आहे असे वाटे आणि त्याच्यामागे काहीतरी रुपेरी झपकन वळे... मी ओरडे. ते ओरडत नसत. "वरडू नका, त्याले आयकू येते," एवढेच म्हणत. पण त्यांचा आवाज कापत असे.

त्यांची दोरी रिकाम्या डब्यावर गुंडाळलेली असे. डोक्यावरून दोन फेरे देऊन ते ती असे लांब सोडीत की गळ पलीकडच्या काठाशी, हव्या त्या झुडपाखाली, हव्या त्या हाताच्या अंतरावर पडे. इतके लांब फेकायला कुठे शिकलात, असे मी एकदा विचारले. तेव्हा त्यांनी गावाच्या जुन्या तळ्याची गोष्ट सांगितली. त्या तळ्याला दगडी घाट होता. खोल पाणी घाटाकडे, मासे घाटाकडे. देवमनभाऊंच्या वडिलांना घाटावर बसता येत नव्हते. त्यांनी पलीकडे, बाभळींच्या बाजूला, जिथे पाणी घोट्याएवढे तिथे बसायचे. म्हणून वडील लांब फेकायला शिकले, आणि वडिलांकडून ते. छप्पन्न सालानंतर, धम्म घेतल्यावर, तरुण देवमनभाऊ एकदा सरळ घाटावर जाऊन बसले होते. कोणी हात लावला नाही, बोलले मात्र सगळे. "माह्या बापाले घाट भेटला असता, तर मले हे फेकनं आलंच नसतं," असे सांगून ते हसले. मला हसता आले नाही. त्यांनी तोवर पुढचा फेराही घेतला होता.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्याचे वर्णन मी करत नाही. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे. त्या वर्षी कोणी कपडा शिवला नाही. मशीनवर चादर टाकून देवमनभाऊ आणि वैनी दुष्काळी कामावर गेले. गावाच्या पूर्वेला माळाच्या पोटात तळे खोदायचे काम निघाले होते. त्या खड्ड्यात सगळे गाव उतरले. ज्यांचा घाट होता तेही उतरले आणि ज्यांना घाट नव्हता तेही. एकाने भरलेली टोपली दुसऱ्याने उचलायची आणि तिसऱ्याच्या डोक्यावर द्यायची. शाळा सुटली की मी तिकडे जाई. देवमनभाऊंच्या बोटांना सुईची सवय. कुदळीने तळहात फुटले होते. वैनी म्हणाल्या, "सर, यायले सांगा, माती भराले टाके मारत नाही म्हना. एकेक ढेकूळ नीट रचून राह्यले."

पुढच्या पावसाळ्यात ते तळे भरले. मी पुस्तकांतून समुद्राची वर्णने वाचली आहेत, पण पाणी पाहून माणसे अशी गप्प झालेली मी पाहिली नाहीत. देवमनभाऊ रोज सकाळी धरणावर, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधावर, जाऊन उभे राहत. एक दिवस मला म्हणाले, "सर, पानी नुसतं साचून राह्यलं. पान्यात जीव पाह्यजे."

"येतील की मासे. पावसात चढतात ना?"

"कुठून चढतीन? नदी दोन कोस. मधात सगळा माळ." मग थोडे थांबून, "मी अन् तुमच्या वैनीनं किती टोपल्या वाह्यल्या याच्यात. सगळ्यायचे हात लागले हो सर. इथं कोनी कोनाले म्हनू शकत नाही का तू तिकडून टाक. इथं मासा झाला पाह्यजे. मंग पाहा."

एवढेच त्यांना हवे होते. त्या वर्षभर ते दुसरे काही बोलले असतील तर मला आठवत नाही. कोणता मासा आणावा यावर आम्ही किती बोललो! रोहू नदीतून तळ्यापर्यंत नेता नेता मरेल. शिंगटे जगेल, पण ते गाळात दडून बसते. शेवटी मरळ ठरली. मरळीचे तोंड सापासारखे, अंग काळपट आणि ठिपक्यांचे, खायला गोड. मुख्य म्हणजे ती हवा घेते. दर काही मिनिटांनी वर येऊन तोंड उघडते, हवा गिळते आणि खाली जाते. ओल्या पोत्यात दोन-तीन तास जगते, आणि उन्हाळ्यात पाणी कमी झाले तर ओल्या चिखलातही दम धरते. नवीन तळ्याला असाच मासा हवा होता. फक्त ती जोडी हवी, आणि दोघांपैकी एकालाही इजा झालेली नको.

जोडी कुठे आहे ते देवमनभाऊंना ठाऊक होते. नदीला म्हैसडोह नावाचा एक डोह आहे. त्याच्या एका कडेला करंजाची झाडे ओणवी झाली आहेत आणि त्यांची मुळे पाण्यात उतरली आहेत. त्या मुळांत दोन मरळी राहत. तिथे जाळे चालत नाही, मुळांत अडकून फाटते. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा टोकाला आला तेव्हा डोहात छातीएवढे पाणी उरले होते, आणि बुधवारी गावात ठरले की रविवारी डोह उपसायचा. ही तिथली दरवर्षीची रीत. बादल्या-टोपल्या घेऊन सगळे उतरतात, पाणी काढतात, गाळ ढवळतात आणि गुदमरून वर येईल ते उचलून घरी नेतात. म्हणजे रविवारी संध्याकाळी त्या दोन मरळी कोणाच्या तरी चुलीवर असणार होत्या. आमच्याकडे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार उरले होते. शाळेला सुट्टी होती. मी सायकल पुसून ठेवली.

मरळीला बेडूक लागतो. जिवंत बेडूक गळाला लावून पाण्यावरून नाचवायचा, ही सगळ्यांची पद्धत. पण देवमनभाऊंनी ती सोडली होती. मरळ जिवंत बेडूक थेट गिळते आणि गळ पोटात जातो. असा मासा जगत नाही. शिवाय भर उन्हाळ्यात बेडूक मिळणार कुठे? म्हणून ते कापडाचा बेडूक करीत. तोंडात कापड आले की मरळ ते ओठांत दाबते, गिळायच्या आधीच तिला फसवणूक कळते, आणि गळ ओठातच बसतो. गळाचा उलटा काटाही त्यांनी कानशीने घासून टाकला होता, म्हणजे काढताना ओठ फाटणार नाही. उलटा काटा नाही याचा अर्थ असा की दोरी क्षणभर जरी सैल पडली तरी मासा सुटणार.

आधी एक बेडूक त्यांनी कपाशीच्या कापसाने भरून पाहिला. तो दोन फेकींतच भिजून बुडाला. मग ते सावरीचा कापूस घेऊन आले. सावर पाण्यात भिजत नाही. वर हिरवट पोपलिन, पोटाला पिवळा तुकडा, डोळ्यांना दोन काळे मणी, पोटात शिशाचा दाणा म्हणजे उलटा होणार नाही, आणि सायकलच्या ट्यूबचे पाय. गळाचे टोक पाठीवर कापडाच्या घडीत लपवलेले. मी तो हातात घेतला तेव्हा टाका शोधूनही सापडेना. असा बेडूक निसर्गालाही जमला नसता, असे मी म्हणालो तेव्हा ते लाजले.

गुरुवारी मरळ आली. करंजाच्या मुळांतून काळी सावली सरकत बाहेर आली, बेडकाच्या खाली थांबली... आणि मागे फिरली. असे गुरुवारी सहा वेळा झाले. शुक्रवारी देवमनभाऊंनी दुसरा बेडूक आणला, आणखी सुबक, आणखी घट्ट. मरळ आली, पाहून परत गेली. मला त्यांनी झटका मारायचे गणितही शिकवून ठेवले होते. मरळीने बेडूक धरला की लगेच ओढायचे नाही. तिने वळायला हवे. त्यासाठी बायकोचे पूर्ण नाव मनात म्हणायचे आणि मगच ओढायचे. "कौसल्याबाई देवमन इंगोले, आसेगाव. एवढं झालं का मासा वळते." माझे लग्न झाले नव्हते. मी विचारले, मी काय म्हणू? ते गंभीरपणे म्हणाले, "तुमी लवकर लग्न करा, सर. नाहीतर मासे सुटत राहीन." पण नाव घ्यायची वेळच येत नव्हती.  शुक्रवारी परतताना सायकलच्या दांडीवर बसलेला तो माणूस किती हलका झाला आहे असे मला वाटले.

शनिवारी दुपारी तिसरा बेडूक एका फांदीत अडकून उसवला. आतला सावर बाहेर आला, एक पाय लोंबू लागला. देवमनभाऊ दोरीचा गुंता सोडवत होते. सुई-दोरा पिशवीत होताच; मी म्हटले, मी शिवतो. बटण लावण्यापलीकडे मी आयुष्यात काही शिवले नव्हते. टाके वितीवितीवर पडले. पोट ढिले राहिले, एक पाय वर तर एक पाय खाली लागला, आणि एक डोळा हरवला. देवमनभाऊंनी तो हातात घेतला आणि इतके हसले, इतके हसले की करंजावरचे बगळे उडाले.

"सर, हा बेडूक हाय का पोष्टमन?"

"टाकून तर पाहा."

"टाकतो बावा. मरळ तरी हसन."

त्यांनी फेरा दिला. बेडूक मुळांच्या पलीकडे चपटा पडला. त्यांनी दोरी बोटभर ओढली. आणि मग जे दिसले ते मला आत्ता हे लिहितानाही दिसते आहे. ढिले पोट दबले, फुगले. लोंबणारा पाय मागे गेला, पुढे आला. सगळा बेडूक एका बाजूला कलला आणि धडपडत सावरला. तो जिवंत दिसत होता! थकलेला, घाबरलेला, काठाला लागायची घाई झालेला बेडूक. देवमनभाऊंचे हसणे थांबले. पाणी एकदा फुगले. खालून भांडे आपटल्यासारखा आवाज झाला आणि बेडूक नाहीसा झाला. त्यांचे ओठ हलत होते. मला ऐकू येत होते, कौसल्याबाई देवमन इंगोले... आसेगाव म्हणायच्या आधीच त्यांचा हात वर गेला.

पाच-सात मिनिटे गेली असतील. दोरी मुळांकडे जाई, ते तिला काठाकाठाने फिरवून मोकळ्या पाण्यात आणीत, पण एकदाही सैल पडू दिली नाही. शेवटी मी कमरेइतक्या पाण्यात शिरून ओले पोते मरळीखाली धरले. गळ ओठाच्या कडेला होता, बोटाने ढकलताच निघाला. रक्ताचा थेंब नव्हता. बेडूक मात्र चिंध्या झाला होता.

"आता दुसरी," ते म्हणाले. "सर, बेडूक शिवा."

"तुम्ही शिवा ना. आता कळलं ना कसा हवा."

त्यांनी खरेच प्रयत्न केला. सुई घेतली, मुद्दाम लांब टाका टाकला, आणि पुढचा टाका आपोआप जवळ पडला. उसवला, पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तीस वर्षांचा हात ऐकेना. त्यांनी घामेजल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि ते सगळे माझ्या मांडीवर टाकले. "माह्याच्यानं वंगाळ होतच नाही, सर. तुमच्या हाताची शिलाई लय खराब हाय. काही सुधारू नका. अशीच मारा." मला आजवर मिळालेल्या शाबासक्यांत ही मी सर्वांत वर धरतो.

बेडूक झाला तेव्हा ऊन उतरू लागले होते, आणि आता नवीनच अडचण उभी राहिली. पोत्यातल्या मरळीला सतत ओले ठेवायला हवे होते, ती धडपडली की आवरायला हवी होती, आणि तिला न दुखवता आवरणे फक्त देवमनभाऊंना येत होते. म्हणून ते पोत्याजवळ बसले आणि दोरीचा डबा माझ्या हातात आला. पहिल्या चार फेकी मी झाडावर केल्या. पाचवी पाण्यात पडली, पण मुळांपासून फार दूर. "थांबा," मागून आवाज आला. "तिले आधी हवा घेऊ द्या. बुडबुडा दिसला का त्याच्या पुढं हातभर टाका. डोक्यावर नका टाकू." आम्ही थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही... पाण्यावर एक बुडबुडा फुटला. मी फेकले. बेडूक जिथे पडायला हवा तिथेच पडला; हे माझ्या आयुष्यात एकदाच घडले आहे. एकदा ओढला. थांबलो. पुन्हा ओढला. पाणी फुगले आणि बेडूक गेला.

मला म्हणायला नाव नव्हते. डोक्यात जे पहिले आले ते मी मोठ्याने म्हणालो: "अंकगणित, भाग दुसरा, इयत्ता सहावी!" आणि हात वर केला. दोरी ताठ झाली. देवमनभाऊ मागून ओरडले, "सैल नका सोडू, सर! सैल नका सोडू!" माशाला ऐकू जाते, हे त्या वेळी त्यांना आठवत नव्हते.

येताना सायकल मी चालवत होतो आणि ते मागच्या कॅरिअरवर दोन ओली पोती मांडीवर घेऊन बसले होते. हातातल्या तांब्यातून थोड्या थोड्या वेळाने पोत्यांवर पाणी शिंपीत. वाटेत उद्याच्या उपशासाठी डोह पाहायला निघालेले चौघे भेटले. त्यांतल्या एकाने विचारले, "काय मास्तर, पोत्यात काय हाय?"

"पुस्तकं," मी म्हणालो. तेवढ्यात एका पोत्याने जोराची उसळी मारली.

"लय जिती पुस्तकं हायत बावा तुमच्या शाळेत," तो म्हणाला. आम्ही दोघे इतके हसत सुटलो की सायकल पडता पडता राहिली.

तळ्यावर वैनी वाट पाहत होत्या. पाण्यात सोडायच्या आधी देवमनभाऊंनी गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही मरळींची कंबर मोजली. एकीची अकरा इंच भरली, दुसरीची साडेनऊ. जाड ती मादी, बारीक तो नर, असा त्यांचा अंदाज. वैनी म्हणाल्या, "माह्या चोळीचं माप कधी इतक्या पिरमानं घेतलं नाही यायनं." दोन्ही मरळी क्षणभर उथळ पाण्यात थांबल्या आणि मग गेल्या. आम्ही तिघे पाण्याकडे पाहत राहिलो. आता दुसरे काही करण्यासारखे उरले नव्हते.

मरळ पावसाळ्यात अंडी घालते. पिल्ले लाल असतात आणि हजारोंचा घोळका करून पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. आईबाप खाली राखणीला असतात. घोळका दिसला तर जोडी आहे आणि जगली आहे. त्या पावसाळ्यात घोळका दिसला नाही. गावात लोक चेष्टा करू लागले. "देवमन, भाऊ-भाऊ आणले वाटते तू." ते हसत, पण संध्याकाळी पुन्हा धरणावर जाऊन घोळका शोधत. त्यांना भीती होती ती वेगळीच. अंदाज चुकला असेल, दोन्ही नर असतील, तर त्यात त्यांचा दोष नव्हता. डोहात राहिल्या असत्या तर त्या मरळी तशाही उपशात गेल्याच असत्या. पण आपला हात लागून तळ्यात एखादी मेली असेल तर? पंच्याहत्तरच्या जूनमध्ये माझी वाशीमला बदली झाली. निरोप घेताना ते म्हणाले, "यंदा नाही दिसले तर मी पुन्हा नाही आननार."

श्रावणात मला त्यांचे कार्ड आले. अक्षर शिलाईसारखेच, एका रेषेत. "सर, लाल पिल्लं निघाली. हजारेक असन. कोनाले सांगू नका. लवकर या." मी दुपारच्या गाडीत बसलो. तळ्यावर पोचलो तर अर्धे गाव धरणावर उभे होते. कोणाला सांगू नका हे फक्त माझ्यासाठी होते. देवमनभाऊंनी माझा दंड धरला आणि मला ओढत पाण्याच्या कडेला नेले. पाण्याखाली लाल ओढणी पसरल्यासारखा घोळका होता. तो सरके, थांबे, एकाच वेळी शेकडो तोंडांनी हवा घ्यायला वर येई आणि सगळे पाणी उकळल्यासारखे खळबळे. आणि त्याच्याखाली दोन काळ्या सावल्या. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "दोन!" मी ओरडलो. एवढ्या लोकांत ओरडायची मला लाजही वाटली नाही. "दोनच हायत, सर, मी सकाळपासून मोजून राह्यलो," ते म्हणाले आणि तोंड फिरवून त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

कोणीतरी म्हणाले, "एक गळ टाकू काय, देवमन? दोघंही वरतेच हायत."

"मायबाप हायत ते. आता त्यायले उचललं तर एवढे लेकरं दोन दिसांत बगळे खातीन. लाल हायत तोवर हात नाही लावायचा. मोठे होऊ दे, मंग मीच तुले बेडूक शिवून देतो."

आणि त्यांनी दिले. पुढची तीन-चार वर्षे ज्याने मागितला त्याला गळ बांधून दिला, आमिष सांगितले, फेकायला शिकवले. धरणावर कुठेही बसावे. जुन्या घाटावर बसणारे लोकही येत आणि त्यांच्याच शेजारी बसत. लाल पिल्ले असताना कोणी गळ टाकत नाही, हे सांगायची वेळ नंतर आली नाही. मी वर्षातून दोनदा जाई. माझे लग्न झाल्यावर बायकोलाही घेऊन गेलो. वैनींनी तिच्या कानात काहीतरी सांगितले आणि दोघी हसल्या.

गेल्या रविवारी मी आसेगावला जाऊन आलो. वैनी ओसरीवर मशीन चालवत होत्या. परकर आणि पिशव्या त्यांना येतात, बाकीचे शिकते आहे असे म्हणाल्या. चहा झाल्यावर आम्ही तळ्यावर गेलो. दोघेजण गळ टाकून बसले होते. त्यांतला एक धरणाच्या मधोमध बसला होता, जिथे पाणी सर्वांत खोल आहे. त्याने मला ओळखले नाही. एका जागी बुडबुडा उठला, थोड्या वेळाने दुसऱ्या जागी. वैनींनी दोन्हीकडे बोट दाखवले. यंदा पाऊस बरा झाल्यामुळे तळे उन्हाळ्यात आटणार नाही, असे त्या म्हणाल्या. सध्या तिथे दोन पुरुष पाणी आहे, आणि पाण्यात मरळी आहेत.